तळचा थर

आमच्या घराच्या पडवीत, जिथे पूर्वी पेट्या भरल्या जात, तिथल्या खुंटीला पत्र्याचा एक चौकोनी तुकडा अजून टांगलेला आहे. त्या पत्र्यात एक वर्तुळ आणि वर्तुळाच्या आत माझ्या आजोबांच्या नावाची दोन आद्याक्षरे कापून काढलेली आहेत. आंब्याची पेटी खिळे मारून बंद झाली की हा पत्रा तिच्या फळीवर दाबून धरायचा आणि काळ्या रंगात बुडवलेला कापडाचा बोळा त्यावरून फिरवायचा, म्हणजे फळीवर छाप उठतो. आमच्या धंद्यात याला मार्का म्हणतात. लहानपणी हंगामात बोळा फिरवण्याचे काम माझ्याकडे असे, आणि बोटांना लागलेला तो रंग जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंत नखांच्या कडांना चिकटून राहत असे.

आमची बाग देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या अलीकडे, जांभ्या कातळावर आहे. पणजोबांनी कातळात सुरुंग लावून खड्डे घेतले, खालच्या मळ्यातून डोक्यावर माती वाहून आणून ते भरले आणि त्यांत हापूसची कलमे लावली. त्यांतली काही झाडे आजही फळ देतात. पण बागेला नाव मिळाले ते आजोबांच्या काळात, आणि ते किती मोलाचे होते हे मला वयाच्या बाराव्या वर्षी क्रॉफर्ड मार्केटमध्ये एका क्षणात कळले. फळांचा घाऊक बाजार तेव्हा वाशीला गेलेला नव्हता. आजोबा मला पहिल्यांदाच मुंबईला घेऊन गेले होते. दलालाच्या गाळ्यात पेट्यांची थप्पी लागलेली होती आणि खरेदीदार येऊन पेट्या निवडत होते. दलाल एकेका पेटीची वरची फळी उचकटून फळ दाखवी, खरेदीदार हात घालून चाचपून बघे, आणि मग रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरे. आमच्या पेटीची पाळी आली तेव्हा दलालाने फळी उचकटली नाही. त्याने पेटी नुसती फिरवली, मार्का खरेदीदाराच्या समोर येईल इतकी, आणि रुमाल पुढे केला. खरेदीदारानेही उघडायला सांगितले नाही. त्या दिवशी आमच्या पेटीला इतरांपेक्षा किती रुपये जास्त मिळाले ते मला आठवत नाही, मात्र ती फिरवलेली पेटी आठवते. आत काय आहे हे न बघता एका माणसाने दुसऱ्याला पैसे दिले होते आणि त्या दोघांच्या मध्ये उभी होती ती केवळ दोन अक्षरे.

ती अक्षरे कशी घडली हे मी पुढची अनेक वर्षे घरात बघत आलो. पेटीत फळांचे तीन-चार थर बसतात. खाली पेंढा, मग फळांचा थर, पुन्हा पेंढा, पुन्हा थर. बाजारात उघडून बघितला जातो तो बहुधा वरचा थर, आणि म्हणून वर मोठी, डागविरहित, एकसारखी फळे मांडून तळाला लहानसहान फळे ढकलण्याचा मोह या धंद्याइतकाच जुना आहे. आजोबा उलट करीत. निवडून ठेवलेल्या ढिगातले सगळ्यांत चांगले फळ ते प्रथम तळाला लावत. मी एकदा कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “वरचा थर गिऱ्हाईक बघतं. खालचा आपल्याखेरीज कोण बघणार?”

फळ काढण्याबाबतही त्यांचे नियम फार कडक होते. आंबा चौदा आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण) तयार झाल्याशिवाय काढायचा नाही. बारा आणे तयार आंबा आधी बाजारात पोचतो आणि लवकर आल्याचा चढा भाव मिळवून जातो, पण तो पिकत नाही, सुरकुततो. काढायचा तो सकाळी उन्हे चढण्यापूर्वी, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठ ठेवून, कारण देठ मुळाशी तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि पिकताना तिथे काळा डाग पडतो. झेल्यातून निसटून जमिनीवर पडलेले फळ, मग त्यावर ओरखडाही नसो, पेटीत जात नसे. त्याचा ढीग वेगळा, आणि तो ढीग किलोच्या भावाने कॅनिंगला जाई. पडलेले फळ बाहेरून धड दिसते, दुखावलेले असते ते आतून, आणि ते कळते चार दिवसांनी, गिऱ्हाइकाच्या घरी.

तरीही हापूसमध्ये असा एक दोष आहे की ज्यापुढे कितीही सावध माणूस हतबल होतो. त्याला साका म्हणतात. फळ बाहेरून निर्दोष असते, वास उत्तम असतो, रंग उत्तम असतो, आणि कापल्यावर आतला गर पांढुरका, पोकळ, आंबूस निघतो. साल न कापता तो ओळखण्याची सोय बागायतदाराकडे नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून साका नसलेली रत्ना ही जात १९८१ साली दिली, पण गिऱ्हाईक मागते हापूस, आणि हापूस म्हटला की साका आलाच. आजोबांचा यावरचा उपाय साधा होता. कोणी कळवले की अमुक फळे साक्याची निघाली, तर तितक्या फळांचे पैसे ते मनिऑर्डरने परत पाठवत, आणि खरे-खोटे विचारत नसत. गिऱ्हाईक खोटे बोलले तर चार आंब्यांचे नुकसान आहे, आणि खरे बोलणाऱ्यावर आपण संशय घेतला तर किती नुकसान होईल ते मोजता येणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

अशा गोष्टीला आपल्या भाषेत अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाची छटा निराळी आहे. लौकिक म्हणजे लोकांत पसरलेले नाव. पत म्हणजे त्या नावावर लोक आपल्याला काय देऊ करतील त्याचे माप. म्हणून उधारी पतीवर मिळते आणि गावोगावी पतपेढ्या आणि पतसंस्था उभ्या राहिल्या. अब्रू हा शब्द फारसीतून आला. ‘आब’ म्हणजे पाणी आणि ‘रू’ म्हणजे चेहरा; चेहऱ्यावरचे पाणी, तेज. मला यांतला अब्रू हाच शब्द सर्वांत खरा वाटतो, कारण पाणी साठवता येते, ओंजळीत धरता येते, पण मुठीत पकडून ठेवता येत नाही. आणि तीनही शब्दांत एक गोष्ट समान आहे: नाव ज्याचे असते त्याच्या ताब्यात ते नसतेच. ते राहते दुसऱ्यांच्या मनात आणि दुसऱ्यांच्या तोंडी. घर, बाग, सोने यांना कुलूप लावता येते. नावाची किल्ली मात्र ज्यांना आपण धड ओळखतही नाही अशा शेकडो लोकांच्या खिशात असते.

हे किती भयंकर असू शकते ते मी शेजारच्या वाडीत पाहिले. तिथे एक विधवा बाई होत्या, सगळे त्यांना माई म्हणत. नवरा गेल्यावर तीस-पस्तीस कलमांची बाग त्यांनी एकटीने सांभाळली, दोन मुलांना शिकवले, आणि पुण्या-कोल्हापूरच्या घरांशी थेट संबंध जोडून दलालावाचून आंबा विकायला सुरुवात केली. आमच्या भागात हे करणाऱ्या त्या पहिल्यांपैकी एक. साधारण २०१२च्या सुमारास त्यांनी पेंढ्याच्या अढीऐवजी इथिलीनच्या खोलीत आंबा पिकवून घ्यायला सुरुवात केली. इथिलीन हा वायू पिकताना फळ स्वतःच सोडत असते. बंद खोलीत, ठरावीक तापमानाला, मोजून तो सोडला की सगळी फळे सारखी पिकतात, आणि कायद्याने त्याला परवानगी आहे. ज्याला बंदी आहे ते कॅल्शियम कार्बाइड. त्याच्या पुड्या पेटीत ठेवल्या की ओलाव्याने त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो, सोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असण्याचा धोका असतो, फळ बाहेरून झटपट पिवळे होते आणि आत कच्चे राहते. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परंतु लोकांच्या बोलण्यात दोन्हींना एकच शब्द आहे: पावडर.

माईंच्या पेटीतली सगळी फळे एकसारखी पिवळी दिसली म्हणून कोणीतरी कुठेतरी म्हणाले की माई आता पावडर मारतात. कोण म्हणाले ते कधीच कळले नाही. महिनाभरात ते वाक्य कोल्हापूरला पोचले. माईंनी खोलीवाल्याच्या पावत्या दाखवल्या, ज्यांनी विचारले त्यांना समजावून सांगितले, पण अडचण अशी की विचारले फार थोड्यांनी. बाकीच्यांनी फक्त पेट्या घेणे थांबवले. आरोप तोंडावर झाला तर त्याला उत्तर देता येते. जो आरोप आपल्या पाठीमागे होतो आणि आपल्यापर्यंत पोचतो तो केवळ न आलेल्या फोनच्या रूपाने, त्याला कोणत्या दारात जाऊन उत्तर द्यायचे?

मला हे सगळे ठाऊक होते. त्यांचे आंबे ज्या खोलीत पिकत ती मी स्वतः पाहिली होती. तरीही त्या हंगामात पुण्याच्या एका गृहस्थांनी मला फोनवर विचारले, “तुमच्याकडच्या त्या बाई पावडर वापरतात म्हणे?” तेव्हा मी म्हणालो, “मला नक्की माहीत नाही.” चार शब्द. त्यांत निंदा नव्हती, आणि मी स्वतःला पुष्कळ दिवस तसे समजावलेही. पण मला नक्की माहीत होते. त्या गृहस्थांनी त्या वर्षीपासून आमच्याकडून पेट्या घेतल्या, आणि त्यांच्या ओळखीतल्या आणखी तीन घरांनीही. माईंची जी गिऱ्हाइके तुटली त्यांतली काही माझ्या वहीत आली. दुसऱ्याचे नाव बुडताना आपण एक बोटही लावले नाही असे म्हणणारा माणूस पुष्कळदा माझ्यासारखा काठावर उभा राहून वाहत आलेले लाकूड गोळा करीत असतो.

दोन-तीन वर्षांत माईंनी बाग कराराने एका व्यापाऱ्याला देऊन टाकली. पुढे आमच्या भागातल्या बागायतदारांच्या एका बैठकीत कुणीतरी पुन्हा तो पावडरीचा विषय काढला तेव्हा मी उभा राहिलो आणि मला जे माहीत होते ते सगळे सांगितले, पुण्याच्या त्या फोनसह. लोकांनी ऐकून घेतले. पण माई तोवर मुलाकडे ठाण्याला राहायला गेल्या होत्या.

आता मी २०१५ सालाकडे येतो.

त्या वर्षी मोहोर चांगला आला होता. फेब्रुवारीचा शेवटचा दिवस आणि मार्चचा पहिला, या दोन दिवसांत सगळ्या महाराष्ट्रात अवकाळी पाऊस झाला आणि कोकणात तो आंब्यावर झाला. मोहोर काळा पडला, वाटाण्याएवढी कैरी गळून झाडाखाली सडा पडला, वाचलेल्या फळावर करपा रोगाचे ठिपके उठले. आजोबा जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती आणि धंदा पूर्णपणे माझ्या हातात होता. पुण्यातल्या चाळीस घरांची मिळून एकशे दहा पेट्यांची मागणी नोंदलेली होती, त्यांतल्या पुष्कळांनी आगाऊ पैसे दिलेले होते आणि ते पैसे फवारणीत, मजुरीत आणि राखणीत खर्च झालेले होते. बागेतून निम्म्या पेट्याही भरणार नाहीत हे एप्रिलच्या मध्यावर स्पष्ट झाले.

मी चाळीस फोन करू शकलो असतो. पाऊस सगळ्या राज्याने पाहिला होता. माझ्यावर कोणीही रागावले नसते. पैसे पुढच्या वर्षी फेडतो म्हणालो असतो तरी बहुतेकांनी मान्य केले असते, कारण ती पत होतीच, आजोबांनी साठवलेली, आणि ती अशा वर्षासाठीच होती. मी ती मागायला लाजलो. ‘यंदा देता येत नाही’ हे सांगणे मला कमीपणाचे वाटले. विचित्र आहे, पण मी जे केले ते नाव राखायचे म्हणून केले. महामार्गाच्या फाट्यावर घाटापलीकडून आलेल्या आंब्याचा ट्रक उभा होता. मी त्यातला माल घेतला.

त्या आंब्याविषयी मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. कर्नाटकात हापूसची मोठी लागवड आहे, कलम तेच आहे, आणि तिथला शेतकरी आपल्याइतकेच कष्ट करून तो पिकवतो. त्याची माती वेगळी, हवा वेगळी. साल थोडी जाड असते, गर केशरीपेक्षा पिवळ्याकडे झुकतो, वास कमी असतो. त्याच्या स्वतःच्या नावाने आणि त्याच्या भावाने विकला तर ते एक प्रामाणिक फळ आहे. लबाडी फळात नव्हती. ती माझ्या पडवीत झाली. रात्री दिवा लावून मी आणि दोन गडी बसलो, आणि तळाचे थर बाहेरच्या मालाचे लावून वरचा एक थर आमच्या फळाचा लावला. गड्यांपैकी एक जण आजोबांच्या हाताखाली वाढलेला होता. तो पहिल्या पेटीला थांबला आणि म्हणाला, “भाऊ, ह्यो खालचो थर?” मी म्हटले, लाव. त्याने लावला, आणि त्या रात्री तो पुन्हा काही बोलला नाही. पेट्या बंद झाल्यावर खुंटीवरचा पत्रा मी काढला आणि बोळा मीच फिरवला.

आज नकली हापूसविषयी जेव्हा चर्चा होते तेव्हा ती नेहमी बाहेरच्या चोराविषयी होते: कोणीतरी परका आपले नाव चोरतो. तसे घडते यात शंका नाही. परंतु त्या रात्री आमच्या पडवीतून जे बाहेर पडले त्यातला मार्का खरा होता, पेटी खरी होती, पत्ता खरा होता, विकणारा माणूस त्या अक्षरांचा कायदेशीर वारस होता. कोणत्याही तपासनिसाला त्यात खोटेपणा सापडला नसता, आणि तरीही ती माझ्या आयुष्यातली सर्वांत पूर्ण लबाडी होती.

तक्रारी आल्या नाहीत. मला वाटले निभावले. त्या उन्हाळ्यात एकच फोन आला, सदाशिव पेठेतल्या एका काकूंचा. त्यांच्या सासऱ्यांपासून आमच्या पेट्या त्या घरी जात होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, यंदाची पेटी तुझ्या आजोबांची नव्हती.” मी म्हणालो, काकू, अवकाळीमुळे फळाला चव आली नाही. त्या क्षणभर थांबल्या आणि “बरं,” म्हणाल्या. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले की आता माझ्या नावावर दोन गोष्टी जमा झाल्या आहेत, एक पेटी आणि एक उत्तर, आणि पेटीवर निदान हवामानाचे पांघरूण घालता आले असते.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये मी नेहमीप्रमाणे नोंदणीची वही उघडली. चाळीस घरांपैकी सव्वीस घरांनी मागणी नोंदवली नाही. कोणी भांडले नाही, कोणी दोष दिला नाही. मी फोन केले तेव्हा सगळे अत्यंत सौजन्याने बोलले: यंदा आम्ही गावाला जाणार आहोत, यंदा मुले परदेशी असतात, डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितली आहे. त्या प्रत्येक सौजन्यापेक्षा एखादी शिवी मला जास्त सुसह्य वाटली असती. शिवी देणारा अजून आपल्याशी बोलत असतो.

आणि वाशी. आदल्या वर्षी तसल्या भरलेल्या पंधरा पेट्या मी वाशीलाही पाठवल्या होत्या. २०१६ साली माल घेऊन स्वतः गेलो. दलाल त्याच पेढीवरची पुढची पिढी, माझ्याच वयाचा. आमची थप्पी आली तेव्हा त्याने खिळे काढायची पहार घेतली आणि वरच्या पेटीची फळी उचकटली. मग खरेदीदाराने वरचा थर बाजूला करून खाली हात घातला. मी तिथेच उभा होतो. दलालाने माझ्याकडे न बघता सांगितले, “दादा, आता गिऱ्हाईक फोडून मागतं.” त्या वर्षी आत होते ते निखळ आमचे फळ, चौदा आणे तयार, आजोबांनी पसंत केले असते असे. हिशेबाची पट्टी हातात आली तेव्हा शेजारच्या साध्या पेटीचा आणि आमचा भाव एकच होता. ज्या वर्षी माल खोटा होता त्या वर्षी खरा भाव मिळाला, आणि माल खरा झाला तेव्हा खोट्याचा भाव मिळाला; नाव आणि वस्तू यांच्यामध्ये एका हंगामाचे अंतर असते, आणि त्या अंतरातच माणूस फसतो.

तेव्हापासून मी आमच्या आंब्याच्या मोठ्या नावाकडेही वेगळ्या नजरेने पाहू लागलो. हापूस हे नावच मुळी उसने आहे. ज्याने १५१० साली गोवा जिंकले त्या अफोंसो द अल्बुकर्क या पोर्तुगीज गव्हर्नरावरून ते पडले असे मानले जाते. गोव्यात कलमांची कला रुजली, अफोंसचा हापूस झाला आणि किनाऱ्याने वर सरकत कोकणात आला. त्याच गोव्याने मानकुराद नावाचा एक आंबा सांभाळला आहे, ज्याचे नाव ‘मालकोराद’ या पोर्तुगीज शब्दावरून, म्हणजे वाईट रंगाचा या अर्थावरून, आले असे सांगतात, आणि गोव्याचा माणूस हंगामाच्या सुरुवातीला त्या वाईट रंगाच्या आंब्यासाठी हापूसपेक्षा जास्त पैसे आनंदाने मोजतो. नावाला अर्थ देते ते फळ, शब्दकोश नाही, याचा इतका सुंदर पुरावा मला दुसरा माहीत नाही.

पण मोठ्या नावाखाली हजारो लोक एकत्र राहतात, आणि नासका आंबा अढी नासवतो ही म्हण ज्याने अढी लावली आहे त्याला अक्षरशः ठाऊक असते. सडणारे फळ वायू सोडते आणि शेजारच्याला घेऊन जाते. २०१३ साली भारतातून युरोपात गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारख्या किडी सापडल्या. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा आणि चार भाज्या बंद केल्या, ऐन हंगामात. आमच्या तालुक्यात असे बागायतदार होते की ज्यांनी वर्षानुवर्षे बागेत फळमाशी पकडणारे रक्षक सापळे टांगले होते, गळलेले फळ रोज वेचून पुरले होते. त्यांच्या आंब्यात माशी नव्हती. बंदीने त्यांना वेगळे काढले नाही. जानेवारी २०१५मध्ये आंब्यापुरती ती उठवायचे ठरले, तपासणी आणि प्रक्रिया कडक झाल्यानंतर. त्याआधी जपाननेही फळमाशीमुळेच १९८६पासून २००६पर्यंत, वीस वर्षे, भारतीय आंबा घेतला नव्हता. वीस वर्षांत कलम लावणारा बाप म्हातारा होतो.

ऑक्टोबर २०१८मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यालाच ते नाव लावता येईल असे ठरले. मी नोंदणी केली आहे. अलीकडे देवगडच्या आंबा उत्पादकांच्या संस्थेने प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचे स्टिकर लावायला सुरुवात केली, म्हणजे पेटीचा नव्हे, एकेका फळाचा माग लागावा. हे सगळे आवश्यक आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. बाहेरून येणाऱ्या चोराला यामुळे अडथळा होतो. मात्र स्टिकर लावणारा हात बागायतदाराचाच असतो, आणि रात्री पडवीत दिवा लावून बसलेल्या मला, २०१५ साली, ते स्टिकर कोणी अडवायला आले नसते.

२०१७च्या एप्रिलमध्ये मी पुण्याला जाऊन चाळीसही घरांना भेटलो. तीन दिवस लागले. प्रत्येक दारात मी तेच सांगितले: त्या वर्षी तुम्हाला दिलेल्या पेटीत वरचा थर आमचा होता, खालचे नव्हते, आणि हे मला माहीत होते. पैसे पाकिटात घालून नेले होते. काहींनी घेतले. काहींनी घेतले नाहीत आणि चहाही विचारला नाही, आणि ते योग्यच होते. एका गृहस्थांनी दारातच सांगितले की हे तुम्ही आता येऊन सांगितल्यामुळे आमच्या मनात आधीच्या सगळ्या वर्षांविषयी शंका आली. याचा विचार मी केला नव्हता. माझ्या एका रात्रीने आजोबांच्या चाळीस वर्षांवर मागे जाऊन सावली टाकली होती, आणि ते स्वतः खुलासा द्यायला आता नव्हते. त्या वाक्यानंतर मी जिन्यात बराच वेळ बसून राहिलो.

सदाशिव पेठेतल्या काकूंनी आत बोलावले. सगळे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, “मला फोनवरच कळलं होतं. तुझा आवाज तुझ्या आजोबांसारखा आहे, त्यामुळे खोटं लगेच कळतं.” पूर्वी त्यांच्याकडे चार पेट्या जात. त्या वर्षी त्यांनी एक सांगितली, आणि अट घातली की ती मी स्वतः आणून द्यायची.

तेव्हापासून दर वर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांची पेटी घेऊन जातो. पेटीवर मार्का नसतो. तो पत्रा मी २०१५नंतर एकदाच, २०१६ साली, वापरला, आणि आता माझे पूर्ण नाव आणि फोन नंबर लिहितो. काकू जुनी सुती चादर जमिनीवर अंथरतात. मी फळी काढतो. मग त्या मला पेटी उलटी करायला सांगतात, हळूच, दोन्ही हातांनी, पेंढ्यासकट, म्हणजे तळचा थर वर येतो. त्या खाली बसतात, आता बसायला त्यांना भिंतीचा आधार लागतो, आणि त्या थरातले एकेक फळ उचलून देठाशी हुंगतात. घाई करत नाहीत. एखादे फळ दोनदा हुंगतात. या वर्षी त्यांनी दोन पेट्या सांगितल्या होत्या. दोन्हींतले सगळे थर बघून होईपर्यंत पाऊण तास गेला, आणि तेवढा वेळ मी दाराजवळ, चपला न घालता, उभा होतो.